नवा अल्बम आला की आठवडाभर गप्प बसावं का?

ताणपुरा (धागाकर्ता)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत न वाचता भांडणाऱ्यांची सोय होईल. नवा अल्बम आला की निदान आठवडाभर त्याला 'कडक' किंवा 'टुकार' म्हणू नये. ऐकावा, पुन्हा ऐकावा, भांडी घासताना ऐकावा, मग बोलावं.

२०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी निघतात, आणि शुक्रवारी डबे उघडायच्या वेळेपर्यंत निकाल लागलेला असतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये टेलर स्विफ्टने 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' काढला. मध्यरात्री १६ गाणी, दोन तासांनी आणखी १५. सगळं मिळून दोन तासांच्या वर. सकाळी लोक ठाम मतं घेऊन हजर! मत असायला माझी हरकत नाही. हा ठामपणा कुठून येतो ते मला कळत नाही.

आपल्याकडचं ताजं उदाहरण 'छावा' चित्रपटाचं, संगीत रहमानचं. २०२५ च्या फेब्रुवारीत गाणी धड ऐकूनही झाली नव्हती, तोवर 'अजय-अतुल हवे होते' हा निकाल तयार होता. आणि रहमानची गाणी हळूहळू चढतात हे 'रोजा'पासून आपणच एकमेकांना सांगत आलोय. त्याचाच 'स्वदेस' तिकीटबारीवर फारसा चालला नाही. गाणी वीस वर्षांनंतरही चालू आहेत.

पोटापाण्यासाठी ऐकणाऱ्यांचीही तीच गत. पिचफोर्क हे अमेरिकन संकेतस्थळ अल्बमला दशांशापर्यंत गुण देतं. २०२१ मध्ये त्यांनी स्वतःच्याच १९ जुन्या परीक्षणांचे गुण बदलले. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या 'डिस्कव्हरी'ला २००१ मध्ये ६.४ दिले होते, ते थेट १० केले. काय समजायचं आता?

वन्समोअर

हे समजायचं की २००१ मधल्या कानाला तो अल्बम ६.४ चाच वाटला. त्यात खोटं काय? पहिलं मत चुकतं म्हणून देऊच नये, हे काही पटलं नाही. द्यावं, खाली तारीख टाकावी, पुढे बदललं तर बदललं म्हणून सांगावं.

आणि आठवडाभर थांबायचा उपदेश संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला करून बघायला हवा होता. पद संपतंय न संपतंय तोच वन्समोअर. त्या वन्समोअरांपायी नाटकं पहाटेपर्यंत चालायची. बालगंधर्वांसमोर बसलेला माणूस घरी जाऊन विचार करून पुढच्या गुरुवारी टाळी वाजवत नव्हता. लावणीच्या फडावरही तेच. आपल्या गाण्याची परीक्षा समोरासमोर आणि त्याच क्षणी झालेली आहे. हे मुरवत ठेवायचं खूळ नवीन. रहमान म्हणजे काय लोणचं आहे?

ताणपुरा

वन्समोअरराव, तो प्रेक्षक पद पूर्ण ऐकत होता हे सोयीस्करपणे विसरलात. पहिला आलाप आवडला नाही म्हणून शेजारच्या थिएटरात पळायची सोय त्याला नव्हती.

दुसरं म्हणजे त्याचा कान तयार होता. १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखल्यांनी पदं बांधली ती रागदारीतल्या बंदिशींच्या आधारानं. राग ओळखीचा, वळणं ओळखीची, त्यामुळे गाणारा कुठे काय नवीन करतोय ते तिथल्या तिथे कळायचं. आज एकाच शुक्रवारी एक रॅपचा अल्बम, एक लोकगीतांवरचा, एक नुसता सिंथेसायझरचा. प्रत्येकासाठी वेगळा कान लागतो आणि तो दुपारपर्यंत तयार होत नाही.

हलगी_कोल्हापूर

'छावा'चं नाव काढलंच आहे तर बोलतो. आम्ही थांबलो राव. आठवडा काय, महिने गेले. 'जाने तू' गोड आहे, अरिजितनं छानच म्हटलंय. पण ते गाणं उचलून दुसऱ्या कुठल्याही राजा-राणीच्या पिक्चरला लावा, काही बिघडत नाही. संभाजी महाराजांचा पिक्चर आहे म्हटल्यावर संबळ, हलगी, तुतारी नुसती चवीपुरती नको, गाणं त्यांच्यावर उभं पाहिजे. हे पहिल्या दिवशी जाणवलं आणि आजही तसंच जाणवतंय. मग पहिल्या दिवशी बोललो तर गुन्हा काय झाला?

बेसूर_बंड्या

आली का माती! भाऊ, 'सैराट'चा वाद्यवृंद लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला. गोऱ्या वादकांची अख्खी सिम्फनी. तेव्हा कुणी 'मराठी मातीचा वास येत नाही' म्हणालं नाही, उलट छाती फुगवून सांगत होतो. 'आया रे तूफान'मध्ये तर वैशाली सामंत गातेय, ती काय चेन्नईची आहे?

खरं कारण साधं आहे. 'पानिपत' आणि 'तान्हाजी'मध्ये अजय-अतुल ऐकलेले, त्यामुळे मराठेशाही म्हटलं की कसा आवाज यायला पाहिजे ते डोक्यात बसलेलं. तो आला नाही म्हणून राग. हे मत अल्बमबद्दल नाहीच, आपल्या सवयीबद्दल आहे. धागाकर्त्याला +१.

हलगी_कोल्हापूर

व्हायोलिनं कुठली होती ह्याच्याशी मला देणंघेणं नाही. 'झिंगाट'मधून ती सगळी सिम्फनी काढून टाका आणि आमच्या गल्लीतल्या बेंजोवाल्याला वाजवायला सांगा. वाजतंय का नाही? गेली कित्येक वर्षं प्रत्येक वरातीत वाजतंय. खाली ठेका पक्का आहे, वर काहीही चढवा. 'आया रे तूफान' कुठल्या बेंजो पार्टीनं उचललंय ते दाखवा, मी शब्द मागे घेतो. वैशालीताईंच्या आवाजाबद्दल तक्रार नाहीच, त्यांना दिलेल्या गाण्याबद्दल आहे.

मध्यलय

बेंजोवर वाजतं तेच चांगलं, ही कसोटी लावली तर 'मी वसंतराव' नापास होईल. २०२२ साली आलेल्या त्या चित्रपटाचा सबंध अल्बम राहुल देशपांडेंनी केला, गायनाचं राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं. वरातीत वाजणार आहे का? असो.

मला वेगळंच खटकतंय. तुम्ही सगळे अल्बम म्हणताय आणि बोलताय एकेका गाण्यावर. 'गारवा' आठवा. मिलिंद इंगळ्यांचा आवाज, सौमित्रची कविता, मध्येच येणारं ते बोलणं. कॅसेटवर पुढचं गाणं शोधणं कटकटीचं, म्हणून सलग ऐकली जायची. त्या सलगपणामुळे पावसाचा एक मूड तयार झाला. त्यातलं एकच गाणं काढून ऐकलं तर अर्धंच हाती लागतं.

आता स्पॉटिफायवर ३० सेकंद झाले की एक ऐकणं मोजलं जातं. मग सुरावटीला हळूहळू आत यायला वेळ कोण देणार? चित्रपटाच्या अल्बममधलं एक गाणं आधी, दुसरं दहा दिवसांनी, उरलेली प्रदर्शनाच्या तोंडावर. अख्खा अल्बम हातात येईपर्यंत लोक पहिल्या गाण्याला कंटाळलेले असतात. ब्रिटिश गायिका ॲडेलने २०२१ मध्ये हट्ट धरला म्हणून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं पुढे असलेलं शफलचं, म्हणजे गाणी क्रम मोडून वाजवायचं, बटण मागे घेतलं. तिचं चाललं, कारण ती ॲडेल. आपल्याकडे तर 'गुलाबी साडी'सारखं एकच गाणं देशभर पोचलं, संजू राठोडला अल्बम काढायची गरजच पडली नाही. म्हणून आठवडा थांबा किंवा थांबू नका, अल्बमवर लिहिणार असाल तर एकदा तरी लावलेल्या क्रमाने, मध्ये न उठता ऐका. एवढं केलं तर पहिल्या दिवशीचं मतही मी वाचीन.

खोलीतलं_रेकॉर्डिंग

बराच वेळ वाचतोय, आता राहवत नाही. मी चित्रपटात नाही, नाव सांगून उपयोग नाही. मित्रांबरोबर स्वतःच्या पैशाने सहा गाण्यांचा मराठी अल्बम काढला. ताणपुरा, तुमचा नियम आमच्या ओळखीच्या सगळ्या जाणकारांनी तंतोतंत पाळला. 'निवांत ऐकून सांगतो' म्हणाले. अजून निवांतच आहेत.

रहमान, स्विफ्ट यांना तुमच्या मताने काही होत नाही. तिथे आठवडा काय, वर्ष थांबा. पण नाव नसलेल्या माणसाचा अल्बम पहिल्या दोन-चार दिवसांत कुणी कुणाला पाठवला नाही तर तो पुढे सरकतच नाही. समोर दुसऱ्या शुक्रवारचा माल येऊन पडतो. आम्हाला 'टुकार' म्हणा, चालेल. फक्त कुठलं गाणं आणि कुठे फसलं ते सांगा. 'छान प्रयत्न' आणि टाळ्यांचे तीन हात, याचं काय करायचं असतं ते मला आजवर कळलेलं नाही.

सांजवेळ

खोलीतलं_रेकॉर्डिंग यांचा प्रतिसाद सगळ्यात महत्त्वाचा वाटला. अल्बम चांगला की वाईट ही पुढची गोष्ट. तो आलाय हे आधी कळलं पाहिजे.

आमच्या वेळी ते दुकानात कळायचं. मुंबईत काळा घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये ऐकायला बंद केबिन होत्या. आत शिरा, लावा, नाही आवडलं तर ठेवून द्या. पुण्यात अलूरकरांकडे शास्त्रीय आणि नाट्यसंगीताचं घबाड. काउंटरवरचा माणूस तुमची आवड ओळखून कॅसेट पुढे सरकवायचा आणि नको ती परत ठेवायलाही लावायचा. रिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. आणि 'नवीन पोपट'ची कॅसेट कुणी परीक्षण वाचून घेतली होती? आनंद शिंद्यांचा आवाज एसटी स्टँडवरच्या दुकानाच्या कर्ण्यातून कानावर आला, आणि लोकांनी पैसे काढले. ते मत पहिल्या दिवशीचं नव्हे, पहिल्या मिनिटाचं होतं. म्हणून ताणपुरांशी असहमत. मात्र त्या मतासाठी लोक खिशात हात घालत होते, आज फुकटात अंगठा खाली करता येतो, हा फरक मोठा आहे.

ताणपुरा

नाव नसलेल्यांबद्दलचा मुद्दा मान्य. त्यांचा अल्बम आल्या दिवशी पाठवा, 'हे आलंय, ऐका' एवढं लिहा. शिफारस करायला निकाल लागत नाही. मोठ्या नावांबाबत मी आठवड्यावर ठाम आहे.

'कट्यार काळजात घुसली' विसरलात का? १९६७ च्या नाटकाला अभिषेकीबुवांचं संगीत, त्यावर २०१५ मध्ये चित्रपटासाठी शंकर-एहसान-लॉय हात घालणार म्हटल्यावर किती जणांनी नाकं मुरडली. आज 'सूर निरागस हो' लागल्याशिवाय गणपतीचा मांडव सुरू होत नाही. आणि महेश काळेंना राष्ट्रीय पारितोषिक त्याच अल्बममधल्या 'अरुणी किरणी'साठी मिळालं.

वन्समोअर

पण नाकं कोणी मुरडली? ज्यांनी ऐकलंच नव्हतं त्यांनी. ज्यांनी थिएटरात ऐकलं ते पहिल्याच खेळाला टाळ्या वाजवून आले. उदाहरण तुमचं, पुरावा माझा.

न ऐकता बोलू नये, शंभर टक्के सहमत. मध्यलय म्हणतात तसं क्रमाने ऐकावं, तेही मान्य. पण ऐकून झाल्यावर तोंडाला कुलूप कशाला? येत्या शुक्रवारी जो मराठी अल्बम येईल तो मी रात्री सलग ऐकतो आणि शनिवारी सकाळी इथेच, गाण्यागणिक, जे वाटलं ते लिहितो. तुमचा आठवडा संपला की खाली येऊन खोडा. खोलीतलं_रेकॉर्डिंग, तुमच्या सहा गाण्यांचा दुवा व्यक्तिगत निरोपात पाठवा, त्यावरही लिहितो. आधीच सांगतो, गोड बोलणार नाही.