मोटरसायकलच्या रंगावरचा स्टिकरचा गोंद : रंगाला धक्का न लावता तो कसा काढला?

जुना स्टिकर, टाकीवरचे रबरी पॅड, नव्या गाडीवरचे प्लास्टिकचे आवरण किंवा दुहेरी चिकटपट्टीने बसवलेले नाव, यांतले काहीही काढले तरी वरची वस्तू निघते आणि खालचा गोंद मात्र रंगाला धरून राहतो. त्यावर धूळ बसून काळपट डाग दिसू लागला, की हाताला येईल ते घेऊन घासण्याची घाई होते आणि रंगाचे नुकसान बहुधा या घाईतच होते. रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. एकदा झिजला की तो परत येत नाही. म्हणून ज्यांनी असा गोंद रंग शाबूत ठेवून काढला आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे. केवळ ‘अमुक वापरा’ असे न लिहिता रंग चकचकीत होता की मॅट, खाली धातू होता की प्लास्टिक आणि रंग कारखान्यातला होता की नंतर मारलेला, हेही सांगावे, कारण उत्तर त्यावरच ठरते.

सुरुवात माझ्या अनुभवाने करतो. वापरलेली गाडी घेतली तेव्हा टाकीच्या दोन्ही बाजूंना उन्हाने करपलेले मोठे व्हिनाइल स्टिकर होते. व्हिनाइलला लवचिक ठेवणारे द्रव्य उन्हात हळूहळू निघून जाते, त्यामुळे असा स्टिकर सलग न निघता त्याचे कपचे उडतात. उष्णतेने गोंद मऊ होतो हे खरे, परंतु जागा पेट्रोलच्या टाकीची होती. पेट्रोल शून्याखाली सुमारे ४० अंश तापमानालाही पेट घेईल एवढी वाफ सोडते आणि टाकीच्या झाकणाला हवेसाठी छिद्र असते, त्यामुळे तेथे हीट गन किंवा हेअर ड्रायर वापरण्याचा विचार मी केलाच नाही. त्याऐवजी गरम पाण्यात बुडवून पिळलेले जाड फडके स्टिकरवर ठेवले, ते निवले की पुन्हा गरम केले आणि कड सुटल्यावर स्टिकर वर न खेचता जवळजवळ पृष्ठभागाला समांतर, मागे दुमडत सावकाश ओढला. वर ओढले तर गोंद रंगावरच राहतो. मागे दुमडून ओढले तर त्याचा बराचसा भाग स्टिकरबरोबर येतो. उरलेल्या गोंदावर साधे खाद्यतेल लावून ते मुरू दिले. गोंद फुगून त्याच्या वळ्या होऊ लागल्यावर त्या बोटाच्या टोकाने सरकवल्या, शेवटी शाम्पूच्या पाण्याने टाकी धुतली आणि कोरडी केली. या साऱ्यात सर्वाधिक काम तेलाने नव्हे, वाट पाहण्याने केले असे माझे स्पष्ट मत आहे.

*

मी गाड्यांना रंग मारण्याच्या कामात आहे, त्यामुळे बिघडलेल्या टाक्याच माझ्याकडे अधिक येतात. त्यांतील बहुतेकांचे कारण थिनर असते. कारखान्यात भट्टीत पक्का केलेला रंग थिनरचा ओझरता स्पर्श कदाचित सहन करतो. परंतु डब्यातून फवारलेला किंवा हार्डनर (रंग पक्का करणारे द्रव्य) न घालता मारलेला रंग त्याच थिनरात विरघळतो, कारण तो मुळात थिनरमध्ये विरघळवूनच मारलेला असतो आणि वाळला तरी त्याचा तो गुण जात नाही. गाडी दुसऱ्याच्या हातून आली असेल तर कोणता रंग आहे हे सांगता येत नाही. म्हणून पांढऱ्या फडक्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन आडोशाच्या जागी हलकेच टेकवावे. फडक्यावर रंग उतरला तर तेथेच थांबावे आणि केवळ कोमट पाणी व तेल यांवर भागवावे. आडोशाची जागा निवडतानाही काळजी हवी. टाकीच्या तळाशी अनेकदा क्लिअर कोट पूर्ण बसलेला नसतो, त्यामुळे तेथील परीक्षा फसवी ठरते. सीटखाली झाकला जाणारा टाकीचा मागचा भाग अधिक भरवशाचा. रंग अलीकडेच मारला असेल तर तो आतपर्यंत पक्का होण्यासाठी काही आठवडे तरी कोणत्याही द्रावणापासून दूर ठेवावा.

आणखी एक गोष्ट. गाडीवरची काही चित्रे आणि पट्टे क्लिअर कोटच्या खाली असतात. नख फिरवल्यावर कड जाणवली नाही, तर तो स्टिकर काढण्याजोगा नाही असे समजावे. तो खरवडून काढण्याच्या प्रयत्नात वरचा थर फुटलेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांना पुन्हा रंगवण्यावाचून उपाय राहत नाही.

*

माझी गाडी मॅट रंगाची आहे आणि वरील पद्धतीतील एक भाग तिला लागू पडत नाही : घासणे. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो म्हणूनच तो प्रकाश विखुरतो. घासले की तो खडबडीतपणा सपाट होऊन तेवढा भाग चमकू लागतो आणि ही चमक पॉलिशने जात नाही, उलट वाढते. मी सम प्रमाणात पाणी मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन तो कापूस गोंदावर नुसता ठेवला, उचलला, नवा ठेवला आणि पुसण्याऐवजी टिपत गेलो. वेळ फार लागला, पण रंगाची पोत जशीच्या तशी राहिली. तेल मात्र मी टाळले, कारण मॅट पृष्ठभागाच्या खाचांत ते अडकून काळसर छटा दिसते.

*

प्लास्टिकच्या भागांविषयी थोडक्यात. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात अनेकदा असणारे ॲसिटोन एबीएस प्लास्टिक विरघळवते, आणि साइड पॅनल बहुधा त्याचीच असतात. हेडलाइटची काच म्हणतात ती प्रत्यक्षात पॉलिकार्बोनेटची असते. तिच्यावर तीव्र द्रावण लागले तर बारीक भेगांचे जाळे उमटते. पुढची पारदर्शक विंडशील्ड ॲक्रिलिकची असेल तर अल्कोहोलही तिला सोसत नाही. माझ्या विंडशील्डवरचा गोंद मी केवळ कोमट साबणाच्या पाण्याने आणि तेलाने काढला.

*

रॉकेलचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून लिहिते. कारखान्याच्या पक्क्या रंगावर रॉकेल संथपणे, पण चांगले काम करते, विशेषतः रबरी गोंदावर. माझा आग्रह एवढाच, की रॉकेल असो किंवा डब्यातला तेलकट फवारा, तो नेहमी फडक्यावर घ्यावा, गाडीवर थेट मारू नये. मोटरसायकलवर रंगापासून ब्रेकची डिस्क फार दूर नसते. तिच्यावर तेलाचा अंश गेला तर ब्रेक पॅड ते शोषून घेतात आणि गाडी थांबण्यास उशीर होतो. पुढच्या मडगार्डचे काम करताना मी डिस्क आणि कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड धरणारा भाग, प्लास्टिकच्या पिशवीने झाकून, टायरवरही जुने कापड टाकून मगच डबा उघडते. इंजिन पूर्ण थंड असणे आणि जागा मोकळी असणे हे तर आलेच.

*

टाकीवरचे उठावाचे नाव काढण्याचा अनुभव वेगळा आहे, कारण त्याखाली फोमची जाड पट्टी असते. मी दात साफ करण्याचा दोरा अक्षरांच्या मागून करवतीसारखा पुढेमागे ओढून फोम मधोमध कापला. रंगावर उरलेला फोम तेलाने भिजवून अंगठ्याने लोळवत काढला. धातूचे पाते त्या जागेच्या जवळही नेले नाही. ड्रिलला लावायचे रबरी चाक यासाठी मिळते आणि ते वेगाने काम करते, पण एका जागी क्षणभर रेंगाळले तरी घर्षणाने रंग तापतो. सपाट, पक्क्या रंगाच्या धातूच्या भागावर ते अनुभवी हाताने वापरावे. टाकीच्या वळणावर आणि प्लास्टिकवर मी ते वापरणार नाही.

*

गोंद निघाल्यानंतरचा अनुभव मी जोडतो. स्टिकरची आकृती रंगावर तशीच दिसत राहिली, तेव्हा गोंदाचा अंश उरला आहे असे समजून अनेक जण पुन्हा घासू लागतात. आधी बोट फिरवून पाहावे. बोट अडखळले तर गोंद आहे. सुळकन गेले तर तो रंगातला फरक आहे, कारण झाकलेला भाग उन्हापासून वाचला आणि भोवतालचा फिका पडला. अशा वेळी झाकलेला भाग नव्हे, भोवतालचा भाग उजळायचा असतो. मी अगदी सौम्य पॉलिश हाताने, आजूबाजूच्या फिक्या भागावर लावले. कड बरीच पुसट झाली, तरी लाल रंगातला फरक तिरप्या उन्हात अजून ओळखू येतो आणि तो घालवण्यासाठी क्लिअर कोट आणखी झिजवण्याची माझी तयारी नाही. द्रावणाने आणि पॉलिशने त्या जागेचे मेणही निघून गेलेले असते, म्हणून शेवटी संपूर्ण टाकीवर मेणाचा एक हात दिला.