गाडी थांबवा, कागद बघा, पण डिकी कुठल्या संशयावर उघडायची?

डोंगरवाट
मागच्या शनिवारची गोष्ट आहे. मावशीकडून परत येत होतो, रात्रीचे साडेअकरा वाजलेले, गाडीत मी, बायको आणि मागच्या सीटवर आई. आई ६८ वर्षांची, शुगर आहे. शहरात शिरताना नाकाबंदी होती, हात केला, थांबलो. लायसन्स दाखवलं, आरसी डिजिलॉकरमध्ये दाखवली, मशीनमध्ये फुंकलो, शून्य आलं. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही, उलट रात्री असे लोक उभे असतात म्हणून बरंच वाटतं.

मग म्हणाले डिकी उघडा. उघडली. कुरडयांचा डबा, आंब्याची पेटी, दोन बॅगा. बॅगा उघडायला लावल्या, ओले कपडे रस्त्यावर काढून ठेवले, स्टेपनीखाली बॅटरी मारली. मी विचारलं साहेब काय शोधताय, सांगितलंत तर मीच काढून देतो. तर म्हणाले, लपवायचं काही नसेल तर बघू द्या की. मग आईच्या मांडीवरची पिशवी मागितली. त्यात इन्सुलिनचं पेन आणि सुयांचं पाकीट. त्या सुया बॅटरीच्या उजेडात वर धरून "हे काय आहे?" आई खाली उतरली, रस्त्याच्या कडेला उभी राहून त्या पोराला समजावून सांगत होती की बाळा मला जेवायच्या आधी टोचून घ्यावं लागतं. एकही महिला पोलीस नव्हती, कोणी व्हिडिओ केला नाही, काही लिहिलं नाही. वीस मिनिटांनी "जावा" म्हणाले. आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. थांबवणं ठीक, कागद ठीक, दारूची टेस्ट ठीक. पण बॅग, डिकी, मोबाईल यात हात घालायचा तर संशय काय आहे ते तोंडाने सांगा आणि त्याची नोंद करा. तुम्हाला काय वाटतं?

सरळसोट
लपवायला काही नव्हतं ना? मग वीस मिनिटं गेली तर काय बिघडलं. पोलिसांनी तपासलं नाही तर तुम्हीच उद्या लिहाल की नाकाबंदी नुसती नावाला.

हवालदाराची लेक
दादा तुमच्या आईंना त्रास झाला त्याचं मला मनापासून वाईट वाटलं, सुयांच्या बाबतीत ते पोरगं चुकलंच. पण मी दुसरी बाजू लहानपणापासून बघितलीय म्हणून लिहिते. माझे बाबा एकतीस वर्षं नोकरीत होते. दिवसभर बंदोबस्त आणि रात्री नाकाबंदी असे बारा बारा तास उभं राहायचं, पावसाळ्यात घरी आले की बुटातून पाणी ओतायचे. समोरून येणाऱ्या गाडीत कोण आहे हे त्यांना माहिती नसतं. पुण्यात कोयते घेऊन फिरणारी पोरं पकडली जातात ती कशी पकडली जातात? कोयता हातात धरून कोणी नाक्यावर येत नाही, तो स्कूटरच्या डिकीतच असतो, आणि डिकी उघडल्याशिवाय दिसत नाही.

आणि २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र विसरू नका. गिरगाव चौपाटीला नाकाबंदी होती म्हणून ती स्कोडा अडली. तुकाराम ओंबळेंच्या हातात फक्त काठी होती, त्यांनी रायफलची नळी धरून ठेवली म्हणून कसाब जिवंत सापडला. त्यांना अशोकचक्र मिळालं पण ते बघायला ते नव्हते. नाक्यावरच्या माणसाने प्रत्येक गाडीला आधी कारण लिहून द्यायचं म्हणाल तर नाकाबंदीच बंद करा.

डोंगरवाट
ताई, ओंबळेंचं नाव घेतलंत, माझी मान खालीच जाते. पण त्या रात्री काय झालं ते नीट बघा. कंट्रोल रूमवरून वायरलेसवर मेसेज आला होता की दोघांनी स्कोडा पळवलीय आणि ती इकडे येतेय. म्हणजे नेमकी माहिती होती, नेमकी गाडी होती. मी हेच तर मागतोय. माझ्या गाडीबद्दल काय माहिती होती? तुमच्या बाबांच्या बुटातल्या पाण्याबद्दल मला आदर आहे, पण थकलेल्या माणसाला अमर्याद अधिकार दिला तर तो जास्त सुरक्षित होत नाही, आणि माझी आईपण होत नाही.

जिल्हा कोर्टातला
फौजदारी प्रॅक्टिस करतो, जेवढं पक्कं आहे तेवढं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३०, गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवावंच लागतं. डिजिलॉकर चालतं, २०१८ पासून नियमातच आहे. कलम १८५ आणि २०३ खाली दारूची टेस्ट, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा. कलम २०७ खाली लायसन्स, नोंदणी किंवा परमिट नसेल तर गाडी ताब्यात घेता येते. या सगळ्यात बॅगेत हात घालायचा अधिकार कुठेच नाही. उभ्या गाडीची चावी काढून घ्यायचा तर नाहीच.

झडतीचा अधिकार दुसरीकडे आहे. पूर्वी सीआरपीसी म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १८५. (वर दारूच्या टेस्टचं कलमही १८५च, आकडा तोच, कायदा वेगळा, यावर कोर्टात रोज गोंधळ होतो.) त्यात चालू तपासासाठी वस्तू लागणार असल्याचं सबळ कारण हवं, ते कारण आधी लेखी नोंदवायचं, झडतीचं ऑडिओ व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं आणि नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. कलम १०५ मध्येही झडती जप्तीच्या रेकॉर्डिंगचं सांगितलंय, मोबाईलवर केलं तरी चालतं. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, तीही मर्यादा सांभाळून.

आता पोलिसांच्या बाजूने. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ४३ आहे, सार्वजनिक जागी वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण तिथेही गुन्हा झालाय असं मानायला कारण लागतं. कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा हक्क मिळतो तो फक्त अंगझडतीला, बॅगेला आणि गाडीला नाही, सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये पवनकुमार केसमध्ये सांगितलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. समजा झडती बेकायदा झाली, तरी सापडलेली वस्तू कोर्टात पुरावा म्हणून चालू शकते, १९७४ चा पूरणमल निकाल आहे. म्हणून रस्त्यावर नियम पाळायची घाई कोणालाच नसते.

हवालदाराची लेक
वकील साहेब, ऐकायला छान आहे, पण दोन तासांत चारशे गाड्या जातात तिथे कारण लेखी नोंदवा म्हणजे नेमकं कोणी आणि कशावर लिहायचं? नाक्यावर चार माणसं असतात. एकजण गाड्या वळवतो, एकजण मशीन धरतो. तुम्ही म्हणताय ते कोर्टातल्या पंख्याखाली बसून सुचतं.

नारायणगाव टू वाशी
मी छोटा हत्ती चालवतो, टोमॅटो, कोथिंबीर, कधी फ्लॉवर, रोज रात्री वाशी मार्केट. तुमचा सगळ्यांचा वाद वाचला. डोंगरवाट साहेब तुम्हाला एकदा झालं, तुम्ही लिहिलं, बरं केलं, पण आम्हाला हे आठवड्यातून दोनदा होतं. आम्हाला डिकी उघडा म्हणत नाहीत, माल उतरव म्हणतात. मागे एकदा वाटेत रात्री दीड वाजता चाळीस क्रेट खाली घ्यायला लावले, मी आणि क्लीनर पोरगं दोघंच, उतरवायला पाऊण तास, परत भरायला एक तास, खालच्या थरातला माल दबला. मार्केटला पोचलो तर मोठे गिऱ्हाईक उचलून गेलेले, भाव पडलेला. शेतकऱ्याला मी काय सांगू, पोलिसांनी गाडी खाली केली म्हणून तुझे पैसे कमी आले? तो म्हणतो तूच मधे विकले असशील.

आणि संशय काय ते विचारायची आमची हिंमत नाही. विचारलं की टायर घासलाय, रिफ्लेक्टर नाही, माल जास्त भरलाय, काहीतरी निघतंच. त्यापेक्षा आपण क्रेट उतरवतो.

डोंगरवाट
दादा, हे मला सुचलंच नव्हतं. माझ्याकडे निदान विचारायची हिंमत होती.

बांद्याचा
आमच्याकडे विषय दारूचा. गोव्याहून महाराष्ट्रात शिरलं की उत्पादन शुल्कवाले आणि पोलीस दोघेही बघतात. आणि खरं सांगायचं तर बघितलं नाही तर काय होईल हे आम्हाला माहितीय. मासळीच्या गाडीत, सीटखाली, टेम्पोला चोरकप्पे करून त्यात खोकेच्या खोके निघतात, पेपरला सारखी बातमी असते. वरून बघून चोरकप्पा कळणार कसा? त्यामुळे झडती नकोच असं मी कधी म्हणणार नाही.

पण आमची अर्धी माणसं रोज गोव्यात कामाला जातात, आजारी पडलं तर बांबोळीला जातात. दिवसभर हॉस्पिटलात बसून रात्री पेशंटला घेऊन येणारी रिक्षा आणि शनिवार रविवारची पर्यटकांची गाडी यात फरक करता यायला नको? खबर असेल तर गाडीचा पत्रा काढा, मी टॉर्च धरतो. खबर नसेल तर पेशंटची चादर कशाला झटकायची.

एडिसनकर
न्यू जर्सीत पंधरा वर्षं झाली, इथली पद्धत सांगतो कारण बांद्याच्या दादांनी दारूचा विषय काढला. अमेरिकेत गाडीची झडती वॉरंटशिवाय चालते हे ठरलं तेच मुळी दारूबंदीच्या काळात, १९२५ चा कॅरोल खटला. मिशिगनमध्ये गाडीच्या सीटच्या गादीत बाटल्या लपवलेल्या. कोर्ट म्हणालं गाडी पळून जाते, घर पळून जात नाही, म्हणून वॉरंट नको, पण सबळ कारण हवंच. ते "पण" शंभर वर्षं टिकलंय. २०१५ ला रॉड्रिगेझ केसमध्ये तर सांगितलं की चलनाचं काम संपल्यावर कुत्रा आणून हुंगवायला म्हणून माणसाला सात आठ मिनिटंसुद्धा विनाकारण थांबवता येत नाही.

पण इथे स्वर्ग आहे असं समजू नका. पोलीस अगदी गोड आवाजात विचारतो, जरा बघू का, आणि माणूस घाबरून हो म्हणतो. तुम्ही नाही म्हणू शकता हे सांगायचं त्याच्यावर देशपातळीवर बंधन नाही, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १९७३ चा निकाल आहे, न्यू जर्सीचा स्वतःचा नियम मात्र जास्त कडक आहे. फरक एवढाच की झडती बेकायदा ठरली तर सापडलेला माल सहसा पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे पोलिसाला स्वतःच्याच केसची काळजी घ्यावी लागते. वकील साहेबांनी पूरणमलचं सांगितलं तिथेच आपली मेख आहे.

सरळसोट
म्हणजे कागदावर चूक झाली म्हणून गांजावाला सुटणार. हे चालेल तुम्हाला?

डोंगरवाट
नाही चालणार. म्हणूनच म्हणतोय कागद नीट करा. आणि गांजाचं म्हणाल तर २०२१ ला हैदराबादमध्ये काय झालं ते आठवा. रस्त्यात पोरांना थांबवून मोबाईल हातात घेतले आणि व्हॉट्सअपमध्ये गांजा शब्द टाकून चॅट शोधले, व्हिडिओ देशभर फिरला. २०१७ लाच सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं होतं. डिकीला आज हो म्हणालो की उद्या मोबाईल मागतात.

हवालदाराची लेक
मोबाईलबद्दल मी तुमच्या बाजूने आहे, तो रस्त्यावर बघायचा विषय नाही.

काल बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मी गाड्या तपासल्या त्यात शंभरात एखादी निघाली असेल, पण ती एक निघाली म्हणून नव्याण्णव विसरलो. आणि म्हणाले की वरून आकडा मागतात, आज किती गाड्या तपासल्या, तो आकडा भरायचा असतो. हे मला माहिती नव्हतं. तरी माझं मत बदललेलं नाही, डिकी बघायचा अधिकार नाक्यावर असायलाच हवा. फक्त व्हिडिओला आता माझा विरोध नाही, उलट त्याने पोलिसपण वाचेल, नंतर कोणी म्हणायला नको की पुडी पोलिसांनीच टाकली.

जिल्हा कोर्टातला
ताई, त्यासाठी ई-साक्ष ॲप दिलेलंच आहे, पोलिसाच्या मोबाईलवर चालतं. निवडणुकीत तर नाक्यावरची पथकं सरसकट शूटिंग करतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये वणीला उद्धव ठाकरेंच्या बॅगा तपासल्या तेव्हा त्यांनी स्वतःच मोबाईल चालू करून तपासणाऱ्यांना नाव, गाव विचारलं, सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. तसं शूटिंग तुम्हीही रस्त्यावर करू शकता, कामात अडथळा न आणता. २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने पोलीस ठाणं हेसुद्धा सरकारी गुपितांच्या कायद्याखालचं प्रतिबंधित ठिकाण नाही असं सांगितलंय, रस्ता तर लांबच राहिला.

नारायणगाव टू वाशी
साहेब, ठाकरेंनी मोबाईल काढला तर चालतं. मी काढला तर आधी मोबाईल जातो. मला असं काहीतरी द्या जे मला बोलावं लागणार नाही. मराठीत दोन तीन ओळी लिहून द्या, काचेला आतून चिकटवतो.

जिल्हा कोर्टातला
हे घ्या.
"लायसन्स, आरसी, विमा तयार आहे, मागा, लगेच देतो.
माल उतरवायचा असेल तर संशयाचं कारण लिहून द्यावं ही विनंती, भा.ना.सु.सं. कलम १८५.
झडतीचं मोबाईलवर रेकॉर्डिंग करावं, कलम १०५. माल नाशवंत आहे."

नारायणगाव टू वाशी
मधली ओळ नको, ती वाचली की गाडी बाजूला लागते. पहिली आणि तिसरी लिहून घेतो. नाशवंत मोठ्या अक्षरात.

हवालदाराची लेक
दादा, मधली ओळ काढू नका. तिच्यात "विनंती" शब्द पहिला घ्या आणि खाली गाडी कुठून निघाली, किती वाजता, किती क्रेट, हे रोज खडूने लिहा. बाबा म्हणतात तेवढं समोर दिसलं असतं तर मी क्रेट उतरवायला लावले नसते.