मदत हवी आहे : खारघरमध्ये पाच आठवड्यांसाठी स्वयंपाकघर असलेली साधी खोली

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो. माझ्या आईचे रेडिएशन खारघर येथील टाटा मेमोरियलच्या केंद्रात पुढील महिन्यात सुरू होणार असून, सोमवार ते शुक्रवार असे सलग ५ आठवडे रोज जावे लागेल. त्यासाठी लॉजऐवजी गॅस, फ्रिज आणि दोन भांडी असलेले साधे सर्व्हिस अपार्टमेंट घ्यावे, असा विचार आहे. कारण आईला बाहेरचे तिखट सोसवत नाही, आणि आपल्या घरच्या ज्वारीची मऊ भाकरी दुधात कुस्करून दिली तरच तिच्या पोटात दोन घास जातात. पीठ आणि तवा आम्ही सोबतच आणू.

मागच्या तपासणीच्या वेळी फोनवर ‘लिफ्ट आहे’ असे सांगून प्रत्यक्षात बंद लिफ्टच्या इमारतीत तिसरा मजला देण्यात आला. आई प्रत्येक वळणावर कठड्याला धरून थांबत होती. ते पुन्हा नको.

ज्यांनी तेथे रुग्णासोबत मुक्काम केला आहे, त्यांनी कृपया सांगावे : महिन्याच्या हिशेबाने भाडे ठरवता येते का, अनामत किती मागतात, वीजबिल, गॅस व साफसफाई भाड्यातच धरतात का, आणि उपचार लांबल्यास मुदत वाढवून मिळते का? शनिवार-रविवारी गावी येणे शक्य नाही, त्यामुळे ते दिवसही तेथेच काढावे लागतील. तळमजल्याची खोली कोणाच्या माहितीत असल्यास अवश्य कळवावे.