पायथन: स्वल्पविरामावर ओळ तोडताना अवतरणातील मजकूरही तुटतो

प्रश्न: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत फाइलमधील प्रत्येक ओळ मी स्प्लिट ही मजकुराचे तुकडे करणारी पद्धत वापरून स्वल्पविरामावर तोडतो, परंतु एखाद्या रकान्यातील मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत असून त्यातच स्वल्पविराम असल्यास त्याचेही दोन तुकडे होतात. हे कसे टाळावे?

उत्तर: स्प्लिटला अवतरणचिन्हे कळत नाहीत, ती केवळ विभाजक शोधते. पायथनसोबतच येणारे सीएसव्ही मोड्यूल (स्वल्पविरामाने रकाने विभागलेल्या फाइली हाताळणारा तयार कोड) वापरावे. त्यातील रीडर, म्हणजे ओळी वाचणारा भाग, अवतरणातील स्वल्पविराम आणि दोनदा लिहिलेले अवतरणचिन्ह, दोन्ही नीट हाताळतो. फाइल उघडताना न्यूलाइन या पॅरामीटरला रिकामी स्ट्रिंग द्यावी.

उत्तर: सहमत. येथे रेग्युलर एक्स्प्रेशनचा (मजकुरातील नमुने शोधणाऱ्या सूत्राचा) मोह टाळलेलाच बरा.

उत्तर: एक पुरवणी. स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडलेली असेल, तर रीडरला स्किप-इनिशियल-स्पेस हा पर्याय ट्रू द्यावा, कारण रकान्याच्या अगदी आरंभी नसलेले अवतरणचिन्ह साधे अक्षर मानले जाते आणि मूळ अडचण तशीच राहते.