विषय: आई-बाबांसाठी फिलाडेल्फिया, एका दिवसात काय पाहावे?

सप्रेम नमस्कार,
सोलापूरहून आई-बाबा जूनमध्ये आमच्याकडे येत आहेत. त्यांना फिलाडेल्फिया दाखवायचे आहे, परंतु बाबांचे गुडघे दुखत असल्याने मोजकीच ठिकाणे होतील. लिबर्टी बेल ही प्रसिद्ध घंटा पाहून परत फिरावे की आणखी काही पाहावे? जाऊन आलेल्यांनी कृपया लिहावे.

ताई, सप्रेम नमस्कार.
गेल्या वर्षी मुलीकडे आलो तेव्हा हे पाहिले. आता सोलापुरात घरी बसून लिहितो आहे. सुरुवात इंडिपेन्डन्स हॉलपासून करावी, कारण अमेरिकेचा १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ची राज्यघटना ही दोन्ही तेथील एकाच खोलीत मंजूर झाली. खोली वाटते त्याहून लहान आहे. बरेचसे सामान नंतर जमवलेले असले, तरी राज्यघटनेच्या सभेचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन बसत ती खुर्ची अस्सल आहे. तिच्या पाठीवर कोरलेला अर्धा सूर्य अवश्य पाहावा. येथे वेळ ठरवून आधी तिकीट घ्यावे लागते. घंटेला तिकीट नाही, पण तपासणीची रांग असते.

घंटेपाशी मी बराच वेळ रेंगाळलो, कारण माझी सारी नोकरी गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून झाली. लंडनहून १७५२ मध्ये आलेली ही घंटा पहिल्याच चाचणीत तडकली, तेव्हा पास आणि स्टो या स्थानिक कारागिरांनी ती वितळवून दोनदा नव्याने ओतली. फोटोत आपण जिला तडा म्हणतो ती रुंद फट वास्तविक दुरुस्ती आहे: बारीक तड्याच्या कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून १८४६ मध्ये धातू मुद्दाम कोरून काढला, आणि ड्रिलच्या चाळीसहून अधिक खुणा त्या फटीत आजही आहेत. एवढे करूनही दुसरा, केसासारखा तडा वर घंटेवरील अक्षरांत चढला आणि घंटा कायमची मुकी झाली. आम्हीही बिडाचा तडा वाढू नये म्हणून त्याच्या टोकाशी भोक पाडत असू, आणि तरी तो कधी कधी बाजूने निघून जाई. त्यामुळे मला तेथे हसू आवरेना.

घंटेच्या दालनाला लागूनच, राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टन राहत त्या घराची जागा आहे. तेथे त्यांनी नऊ गुलाम ठेवले होते. फिलाडेल्फिया ज्यात आहे त्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात सलग सहा महिने राहिलेल्या गुलामाला मुक्ती मागता येत असल्याने मुदत भरण्याआधी या गुलामांना राज्याबाहेर नेऊन आणत. त्यांपैकी ओना जज १७९६ मध्ये निसटली, ती पुन्हा हाती लागली नाही. लोक ही जागा घाईने ओलांडतात. खरे तर मलाही बोलण्याचा अधिकार नाही: १९३० च्या मे महिन्यात आपले शहर तीन दिवस इंग्रजांच्या हाती नव्हते आणि पुढे चौघे फासावर गेले, तरी चार हुतात्मा चौकातून मी सिग्नल सुटला की निघतो. फिलाडेल्फियातल्या त्या जागेपाशी मात्र थांबलो.

काका, मनःपूर्वक आभार. सकाळचीच तिकिटे काढते. बाबांची उमर लूमवर गेली आहे, ते ड्रिलच्या खुणा मोजल्याशिवाय हलणार नाहीत. तोवर आईला बसायला जागा आहे का?

ताई, हॉलच्या मागच्या चौकात झाडांखाली बाके आहेत. ८ जुलै १७७६ रोजी जाहीरनामा लोकांसमोर पहिल्यांदा मोठ्याने वाचला गेला, तो तेथेच.