त्र्यंबक रोडवर गाड्या घासून जातात, सायकल नेमकी कुठून चालवावी?

सातपूरचा सायकलवाला: नाशिकमध्ये सीबीएस बसस्टँड ते सातपूर एमआयडीसी, वेग ताशी १५ ते १८ किमी. कंपन्यांच्या बस, छोटा हत्ती, रिक्षा, सगळेच कट मारून जातात. अगदी कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालवली तरी तेच. आरसा लावून फरक पडेल का?

जुनी साखळी: पट्ट्यावरून चालवताय म्हणूनच कट बसतोय. तुम्ही कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं, आहे त्याच लेनमधून निघेल गाडी. मग तो स्टिअरिंग हलवतच नाही. कडेपासून पाऊण ते एक मीटर आत, सरळ रेषेत चालवा, म्हणजे त्याला बाजूला व्हावंच लागतं. हॉर्न वाजतील, वाजू द्या. हॉर्न वाजवणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं असतं.

पार्क केलेल्या गाड्यांशेजारून जाताना दार उघडलं तर साधारण मीटरभर बाहेर येतं. त्यात अर्धं हँडल म्हणजे ३० सेंटिमीटर धरा, चाक गाडीपासून १.३ मीटरवर हवं. दोन गाड्यांमधली मोकळी जागा दिसली म्हणून आत घुसू नका, परत बाहेर येतानाच धडक बसते.

गाडीने किती अंतर सोडावं? जर्मनीत २०२० पासून शहरात किमान दीड मीटर, शहराबाहेर दोन. आकडा उगाच नाही: खड्डा चुकवताना सायकल सहज अर्धा मीटर सरकते. शिवाय बस जवळून गेली की हवा आधी बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. तेव्हा हँडल आवळू नका, कोपर सैल ठेवा.

पंक्चर काका: आरसा लावाच, उजव्या टोकाला. पण बहिर्गोल आरशात गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते, म्हणून उजवीकडे सरकण्याआधी मान वळवून बघायचंच. मान वळली की हँडलही उजवीकडे जातं, ही खोड रिकाम्या मैदानात जमिनीवरची रेघ धरून घालवा. खड्डा चुकवायचा निर्णय १५ मीटर आधी घ्या. १८ च्या वेगाला तेवढ्यात तीनच सेकंद मिळतात.

घाटवाट: ओव्हरटेकइतकाच धोका त्यानंतरच्या डाव्या वळणाचा. एबीबी सर्कलसारख्या चौकात ट्रक किंवा बसच्या डावीकडून पुढे सरकू नका. वळताना मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून येतात आणि तुम्ही कठड्याशी सापडता. ड्रायव्हरचं तोंड त्याच्या आरशात दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. मागेच थांबा.

सातपूरचा सायकलवाला: कट बसून डांबराच्या खाली उतरलो तर?

पंक्चर काका: तिरकं वर चढू नका. टायर कडेला घासत जातो आणि सायकल उजवीकडे, गाड्यांखाली पडते. सरळ थांबा, उचलून वर घ्या. आणि मागचा लाल दिवा सीटच्या पिशवीखाली झाकला जात नाही ना, तेही बघा. झाकला जात असेल तर कॅरिअरला बांधा.