डीओ मीटर आणि विंकलर जुळत नाहीत: नवीन घ्यावा की जुनाच नीट करावा? (बेळगाव)

मार्कंडेयकाठ:
सगळ्यांना नमस्कार. मी बेळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. यंदा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या चार मुली मार्कंडेय नदीच्या पाण्यावर प्रकल्प करताहेत. राकसकोपपासून कंग्राळीपर्यंत पाच ठिकाणचे नमुने घ्यायचे, त्यात विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) आणि बीओडी, म्हणजे जंतूंना पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन, काढायचा, असं ठरलंय.

लॅबमध्ये जुना बेंचटॉप (टेबलावर ठेवायचा) डीओ मीटर आहे, पोलारोग्राफिक म्हणजे इलेक्ट्रोडवर चालणाऱ्या प्रोबचा, टोकावर रबरी रिंगने मेम्ब्रेन (पातळ पडदा) बसवायचा. अडचण अशी की तो दर वेळी विंकलरपेक्षा, म्हणजे रसायनं घालून टायट्रेशनने ऑक्सिजन मोजण्याच्या पद्धतीपेक्षा, जास्त दाखवतो. काल नळाच्या पाण्यात फिशटँकच्या पंपाने अर्धा तास हवा सोडली. तापमान २५ अंश. मीटरवर लिटरला ८.२ मिलिग्रॅम आले आणि टायट्रेशनने ७.५. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. मुली म्हणतात, "मॅडम, आमचंच चुकतंय." मला तसं वाटत नाही, कारण त्यांची तिन्ही टायट्रेशन एकमेकांशी ०.१ च्या आत जुळली.

एका विक्रेत्याचा माणूस येऊन बघून गेला. दहा मिनिटांत म्हणाला, प्रोब गेला, प्रकाशाने मोजणारा ऑप्टिकल घ्या. किंमत ऐकून मी गप्पच बसले. प्राचार्यांना महिनाअखेर उत्तर द्यायचंय. कुणी वापरला असेल तर सांगा, कुठला घ्यावा?

बीओडी_बाटली:
मॅडम, पैसे मिळत असतील तर ऑप्टिकलच घ्या. मेम्ब्रेन नाही, त्यामागचं इलेक्ट्रोलाइटचं द्रावण नाही, चालू केल्यावर ताटकळत बसायचं नाही. हॅक आणि वायएसआय या दोन्ही कंपन्यांचे बीओडी बाटलीत बसणारे, स्वतःच ढवळणारे ऑप्टिकल प्रोब आहेत. टोकाची कॅप मात्र एक-दोन वर्षांनी बदलावी लागते. तिची किंमत आजच विचारून ठेवा, नाहीतर दुसऱ्या वर्षी मीटर कपाटात जातो.

निवृत्त_केमिस्ट:
जरा थांबा. खरेदीचं नंतर बघू. कॅलिब्रेशन करताना, म्हणजे मीटर माहीत असलेल्या आकड्याशी जुळवताना, त्यात हवेचा दाब किती घालता?

मार्कंडेयकाठ:
सर, मीटरवर ७६० (पाऱ्याचे मिलिमीटर) आधीपासूनच आहे, तोच ठेवतो. एकदा मुलींनी मोबाईलवर हवामान बघितलं, त्यात १०१२ हेक्टोपास्कल होतं. त्याचेही ७५९ आले, म्हणून ७६० बरोबर आहे असं धरलं.

निवृत्त_केमिस्ट:
मग तुमचा प्रोब गेलेला नाही आणि मुलींचं टायट्रेशनही बरोबर आहे. त्यांना आधी जाऊन तेवढं सांगा.

हवामानाच्या बातमीत येणारा दाब समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो, म्हणजे गोव्याचा आणि बेळगावचा आकडा शेजारी ठेवून बघता यावा. प्रत्यक्षात बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे. दर शंभर फुटांना पाऱ्याचे साधारण अडीच मिलिमीटर कमी करा, बासष्टच्या आसपास वजा होतात. आपल्याकडे खरा दाब ६९५ ते ६९८ असतो.

आता मीटर काय करतो ते बघा. ओल्या हवेत प्रोब धरून तुम्ही कॅलिब्रेट दाबलं की तो तापमान बघतो, दाब बघतो आणि आपल्या कोष्टकातून ठरवतो की इथे इतके मिलिग्रॅम असायला हवेत. ७६० आणि २५ अंशाला तो आकडा ८.२६ आहे. ६९५ ला तो ७.५३ होतो. तुमच्या मुलींनी काढलेले ७.५ म्हणजे बेळगावच्या हवेने पाण्यात खरोखर जेवढा प्राणवायू घातला तेवढाच. मीटर मात्र समुद्रकाठी बसल्यासारखा बोलत होता. टक्क्यांच्या स्क्रीनवर दोन्ही वेळा १०० च दिसतात, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत ७६० वरच काम केलं. ते रिपोर्ट आठवले की आजही मनाला लागतं.

खरा दाब मिळवायचा तर लॅबच्या भिंतीवर साधा बॅरोमीटर लावा. मोबाईलमध्ये दाबाचा सेन्सर असेल तर तोही चालतो, पण ॲपने समुद्रसपाटीचा हिशेब आपसूक केलेला नाही ना, ते बघा. बेळगावात आकडा ९२५ हेक्टोपास्कलच्या आसपास दिसायला हवा. १०१० दिसला तर तो उपयोगाचा नाही. हेक्टोपास्कलला ०.७५ ने गुणलं की पाऱ्याचे मिलिमीटर.

आणि एक. ऑप्टिकल घेतला असता तरी ७६० घातल्यावर त्यानेही हेच ८.२ दाखवलं असतं. दाबाशिवाय त्यालाही मिलिग्रॅम कळत नाहीत. पुढे कधी घ्यायचाच झाला तर आत बॅरोमीटर असलेला मागा.

मार्कंडेयकाठ:
सर, वाचून हात थरथरले. म्हणजे आमची तीन महिन्यांची सगळी रीडिंग चुकली?

निवृत्त_केमिस्ट:
लॅबमध्येच घेतलेली आणि ७६० वर कॅलिब्रेट केलेली रीडिंग वाचवता येतात. प्रोबचा प्रतिसाद सरळ रेषेत असतो, तेव्हा प्रत्येक आकडा ०.९१ ने गुणा. वहीत खोडाखोड करू नका. शेजारी नवा रकाना आखा आणि कारण लिहा. परीक्षक विचारतील, तेव्हा मुलींना अभिमानाने सांगता येईल.

हा नऊ टक्क्यांचा फरक किती महागात पडतो ते मुलींना दाखवा. समजा मीटरवर ५.३ आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला, म्हणजे ब वर्गाला, किमान ५ लागतात. ५.३ वर पाणी पास. खरा आकडा ४.८, पाणी नापास. नदीत काहीच बदललेलं नाही, आपण घातलेला दाब तेवढा चुकलाय.

कारखान्याची_लॅब:
मी चिकोडीकडे साखर कारखान्याच्या सांडपाण्याच्या लॅबमध्ये आहे. हे वाचून आत्ता उठून आमचा मीटर बघून आलो. ७६०! तीन गळीत हंगाम झाले. प्रक्रिया केलेलं पाणी नदीनाल्यात सोडायला बीओडीची मर्यादा ३० आहे, तीन दिवस २७ अंशाची. बीओडी म्हणजे दोन डीओंची वजाबाकी, मग तीही तेवढीच फुगणार ना? आमच्या वहीत ३१, ३२ अशी पानं आहेत. त्या दिवशी प्लँटवरच्या पोरांनी रात्रभर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवून जीव काढला होता.

निवृत्त_केमिस्ट:
होय, फुगणार. ३२ चे २९ होतात. पण तुमच्याकडे बेळगावचा आकडा उचलून घालू नका. अथणी, उगारकडे कृष्णाकाठी उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, तिथे ७१० च्या पुढे दाब असतो. चिकोडी या दोघांच्या मधे. ज्याने त्याने आपल्या जागेवर मोजावा.

तुम्हाला आणखी एक सांगणं आहे. साखरेच्या सांडपाण्यात कुजक्या अंड्याचा वास येतो का? तो हायड्रोजन सल्फाइड मेम्ब्रेनमधून आत शिरतो आणि चांदीचा इलेक्ट्रोड काळा पडतो. मग रीडिंग एका जागी थांबत नाही. तसं झालं असेल तर नवीन मेम्ब्रेन घालून भागत नाही, आधी इलेक्ट्रोड साफ करावा लागतो. कसा, ते प्रोबच्या पुस्तिकेत असतं, तेच करा. अंदाजाने घासू नका.

मार्कंडेयकाठ:
सर, आमचा मेम्ब्रेनही कधी बदललाय आठवत नाही. तो माणूस म्हणाला होता की हे काम कंपनीतच होतं.

निवृत्त_केमिस्ट:
घरच्या घरी होतं हो. एकदा हात बसला की पाच मिनिटांचं काम.

जुना मेम्ब्रेन काढा, प्रोब डिस्टिल्ड वॉटरने धुवा. तोंड वर करून डाव्या हातात उभा धरा आणि पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण थेंब थेंब सोडा, टोकावर फुगीर थेंब उभा राहीपर्यंत. नखाने बाजूला टिचक्या मारा, बुडबुडे वर येतील. मेम्ब्रेनचं एक टोक डाव्या अंगठ्याखाली दाबा, दुसरं उजव्या हाताने वर ओढा आणि थेंबावरून एका दमात पलीकडे खाली आणा. मधे थांबलात की सुरकुती पडलीच. मग रिंग सरकवा. आता उजेडाकडे धरून बघा. सोनेरी टोकावर मेम्ब्रेन ढोलकीच्या पुडीसारखा ताणलेला हवा. टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा दिसला तरी काढून पुन्हा घाला. मुलींना करू दे. पहिले चार मेम्ब्रेन वाया जातात, जाऊ दे. रोज वापर असेल तर दोन ते चार आठवड्यांनी बदलायचा.

बदलल्यावर लगेच कॅलिब्रेट करू नका. प्रोब मीटरला जोडून तासभर तरी चालू ठेवा. एरवीही सकाळी चालू केल्यावर पंधरा मिनिटं लागतात, आणि मधे करंट गेला की ती पंधरा मिनिटं परत सुरू होतात. पावसाळ्यात आपल्याकडे कितीदा जातो ते तुम्हाला माहीत आहेच, तेव्हा मीटर यूपीएसवर घ्या.

कॅलिब्रेशनला बीओडी बाटलीत बोटभर पाणी, प्रोब पाण्याच्या वर. मेम्ब्रेनवरचा थेंब टिश्यूने नुसता टिपायचा, पुसायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं तापमान हलायचं थांबेपर्यंत धीर धरायचा. लोक इथेच घाई करतात. मीटरचं तापमानही चांगल्या थर्मामीटरशी पडताळा. एक अंश चुकला तरी आकडा हलतो.

महिन्यातून एकदा शून्य तपासा. १०० मिली पाण्यात साधारण २ ग्रॅम सोडियम सल्फाइट, त्याच दिवशी केलेलं. प्रोब त्यात ठेवल्यावर काही मिनिटांत ०.१ च्या खाली उतरला तर प्रोब जिवंत आहे. अर्ध्यावरच अडला तर मात्र विक्रेत्याचं म्हणणं ऐकायची वेळ आली. नंतर प्रोब भरपूर धुवा, सल्फाइट चिकटून राहिलं तर पुढची रीडिंग पडतात.

मलप्रभेकाठी:
मी खानापूरहून. ताई, एक विचारू? कंग्राळीचे नमुने तुमच्या मीटरपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो?

मार्कंडेयकाठ:
मुली स्कूटीवरून आणतात. पाचही ठिकाणं करून यायला दीड-दोन तास.

मलप्रभेकाठी:
मग त्या नमुन्यांना ०.९१ ने गुणून उपयोग नाही. दोन तास उन्हात, हिंदकळत आलेलं पाणी. त्यातले जंतू प्राणवायू खात असतात, शेवाळ असेल तर ते उजेडात तयार करत असतं, आणि बाटली काठोकाठ भरलेली नसेल तर वरची हवा मिसळते. लॅबमध्ये येईपर्यंत नदीचा डीओ उरलेलाच नसतो. बेंचटॉप मीटर बीओडीसाठी उत्तम आहे, नदीच्या डीओसाठी नव्हे.

उपाय तुमच्या हातातच आहे. ३०० मिलीच्या काचेच्या बुचाच्या बाटल्या घेऊन जा. बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरा, बुडबुडा राहू देऊ नका. काठावरच २ मिली मँगनीज सल्फेट आणि २ मिली अल्कली आयोडाइड अझाइड, पिपेटचं टोक पाण्याच्या आत धरून. बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी गाळ धरला की ऑक्सिजन त्यात अडकला. पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही, ते तिथेच वहीत लिहा. गाळ अर्धी बाटली खाली बसला की २ मिली सल्फ्युरिक ॲसिड. मग बाटल्या अंधाऱ्या खोक्यात घालून आणा आणि आठ तासांच्या आत टायट्रेशन करा. बाटलीतलं २०३ मिली घेतलं आणि टायट्रेशनचं थायोसल्फेट ०.०२५ नॉर्मल असलं की ते जितके मिली लागलं तितके मिलिग्रॅम डीओ. चष्मा आणि हातमोजे मात्र विसरू देऊ नका, काठावर पाय घसरतो आणि हातात ॲसिड असतं.

बीओडी_बाटली:
मी ऑप्टिकल म्हणालो होतो ते मागे घेतो. आधी बॅरोमीटर आणि मेम्ब्रेनचा डबा घ्या.

मार्कंडेयकाठ:
दहा दिवसांनी लिहितेय. मेम्ब्रेन मुलींनी बदलला, पाचवा नीट बसला. भौतिकशास्त्र विभागाच्या भिंतीवर बॅरोमीटर होता, कुणी बघत नव्हतं. त्यावर ६९६. तेवढा घालून कॅलिब्रेट केलं, मग तेच फिशटँकच्या पंपाचं पाणी. मीटर ७.६, विंकलर ७.५. सल्फाइटमध्ये ०.०५ पर्यंत उतरला.

प्राचार्यांना लिहून दिलं की नवीन मीटर नको. मेम्ब्रेन, इलेक्ट्रोलाइट, लहान यूपीएस आणि दोन डझन बीओडी बाटल्या द्या. लगेच सही केली.

नदीचे जुने डीओ आम्ही प्रकल्पातून काढले, बीओडीचे ०.९१ ने गुणून ठेवले. रविवारी पहाटे पाचही ठिकाणी पुन्हा जातोय, रसायनं सोबत घेऊन. मलप्रभेकाठच्या ताई किंवा दादा, अझाइडचं द्रावण किती दिवसांपूर्वीचं चालतं? आमचं दिवाळीच्या आधीचं आहे, गडद बाटलीत.

मलप्रभेकाठी:
ताईच. रंग आला नसेल तर चालेल. खात्रीसाठी थोडं द्रावण पाण्यात पातळ करून, ॲसिड घालून स्टार्च टाका. ॲसिड घालताना खिडकी उघडी ठेवा, अझाइडची वाफ वाईट. निळं झालं तर नवीन करा. रविवारी किती वाजता निघताय? मलाही यायचंय.